पोळा झाला, पन्हळ पाहिली का?



२०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस कुणीच विसरलेलं नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे ओढे-नद्या फुगल्या, उभी पिकं पाण्यात गेली, त्याच्या बातम्या झाल्या. पण त्या दिवसांत मी ज्या गावांत फिरत होते, तिथे घरंही पडत होती, आणि ती पुराच्या पाण्याने नव्हे. ओढ्यापासून लांब, गावठाणात उंचावर असलेली धाब्याची घरं. पाथर्डी तालुक्यातल्या एका गटातल्या मावशींची मागची भिंत रात्री दोनच्या सुमारास बसली. भिंतीला लागून ज्वारीची कणगी होती. सून आणि नात एरवी तिथेच अंथरूण टाकायच्या, त्या रात्री माहेरी होत्या म्हणून वाचल्या. पंचनाम्याच्या दिवशी मी गेले तेव्हा ढिगाऱ्यात पत्र्याची पन्हळ पडलेली दिसली. तिच्या तोंडात गवताचा पुंजका होता, मुळांसकट, चिखलाने घट्ट झालेला. मी उचलून दाखवला तर मावशी म्हणाल्या, "मे महिन्यात साफ केली होती गं. मीच पोराला वर चढवलं होतं."

मावशी खोटं बोलत नव्हत्या, म्हणून तर हा लेख लिहितेय.

आपण सगळे पन्हळ साफ करतो ती मृगाच्या आधी, एकदाच. मग जून-जुलैत रिमझिम होते, धाब्यावरच्या मातीत गवत उगवतं, श्रावणात ते गुडघ्याला लागतं. पन्हळीच्या तोंडाशी ओल सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथलं गवत सगळ्यात जोमात. तोवर पाऊस हलका असतो, पाणी कसंबसं गवतातून वाट काढतं आणि आपल्याला काही कळत नाही. आपला जिल्हा अकोल्याचा डोंगरी भाग सोडला तर पर्जन्यछायेतला. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांत खरा जोरदार पाऊस बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतो, उत्तरा-हस्ताचा. म्हणजे मेमध्ये केलेल्या सफाईची परीक्षा चार महिन्यांनी होते, तेव्हा ती सफाई उरलेलीच नसते.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून टाकते: पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची. एकदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास (२०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता, म्हणून मृगापर्यंत थांबू नका), आणि दुसऱ्यांदा पोळा झाल्यावर, गौरी यायच्या आधी. गौरींसाठी आपण घर झाडतो, सारवतो, भांडी घासतो. त्याच यादीत पन्हळ घाला.

एका पन्हळीवर किती भार असतो

मी स्वतः स्लॅबच्या घरात वाढले. धाब्याचं घर कसं बांधतात हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, गटातल्या आज्यांनी शिकवलं. ज्या मुली माझ्यासारख्या असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भेंड्याच्या किंवा दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. सभोवती हातभर कठडा. म्हणजे धाबं हे एक मोठं ताटच असतं. ताटातलं पाणी बाहेर जायला एकच वाट, ती पन्हळ. कठड्यातून भोक पाडून बसवलेली, कुठे दगडाची, कुठे लाकडाची, आता बहुतेक ठिकाणी पत्र्याची.

आता हिशेब करू. २० फूट बाय ३० फूट धाबं धरा, म्हणजे ६०० चौरस फूट. महसूल खातं चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी म्हणतं. तेवढ्या पावसात या धाब्यावर साधारण ३,६०० लिटर पाणी पडतं, म्हणजे २०० लिटरची अठरा पिंपं. हे सगळं मनगटाएवढ्या पन्हळीतून जायचं असतं. ती तुंबली आणि धाब्यावर तीन इंच पाणी साचलं, तर चार टनांहून जास्त वजन झालं. सिमेंटच्या ऐंशीपेक्षा जास्त गोण्या तुम्ही तुमच्या डोक्यावर, जुन्या तुळयांवर, रचून ठेवल्यासारखं ते आहे. त्यात माती पाणी पिते, म्हणजे तीही जड होते.

आपल्या जिल्ह्याचं नाव हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीमुळे पाणी अडवण्यासाठी गाजलं. शिवारात ते बरोबरच आहे, पण घरावर नेमकं उलटं करायचं असतं.

पन्हळ कशी बिघडते

गवत-पाचोळ्याने तुंबणं हा एक प्रकार झाला. चिमण्यांचं घरटं, पोरांचा चेंडू, वाऱ्याने उडून आलेली कॅरीबॅग, हेही त्यातच. पण मला गावोगाव जास्त दिसलेला बिघाड वेगळा आहे, आणि तो वरून दिसत नाही. पन्हळीच्या तोंडाभोवतीची माती दरवर्षी थोडी थोडी वाहून जाते. मग पन्हळ आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी होते. पाणी पन्हळीच्या आतून जायच्या ऐवजी तिच्या खालून, भिंतीच्या पोटात शिरतं. बाहेरून पन्हळ गळताना दिसते, आपण म्हणतो चालू आहे की. आत मात्र भिंत ओली होत राहते. याची खूण घरातल्या बाईलाच आधी कळते, कारण भांडं तीच ठेवते, सारवण तीच करते. पन्हळीच्या खालच्या आतल्या भिंतीचं सारवण पुन्हा पुन्हा सुटत असेल, तिथे पांढरं मीठ फुटत असेल, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी हात लावल्यावर गार लागत असेल, तर दोष सारवणाचा नाही. वर पन्हळ बघा.

तिसरा बिघाड आखूड पन्हळीचा. पत्रा गंजून पुढचा तुकडा गळून पडतो, मग पाणी लांब न पडता भिंतीवरूनच ओघळतं. भेंड्याच्या भिंतीला तो ओघळ दोन-तीन पावसाळ्यांत अक्षरशः खोबणी पाडतो. आणि पाणी लांब पडलं तरी जोत्याला खड्डा करत असेल, तर तिथे फरशीचा तुकडा किंवा चार मोठे दगड ठेवून पाणी पुढे काढून द्या. जोतं भिजलं की वरचं सगळं व्यर्थ.

दुरुस्ती

ही कामं उन्हाळ्यात करायची. ओल्या धाब्यावर चढायचं नाही. जुन्या धाब्यावर चालताना भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवरून चाला, मधल्या खणावरून नको. शिडीजवळून वीजमंडळाची वायर जात असेल तर आधी ते बघा. आणि खाली एक माणूस हवाच.

जुनी पन्हळ सैल झाली असेल तर वरवर चिखल थापू नका, ती काढाच. सभोवतीची भुसभुशीत माती खुरप्याने घट्ट माती लागेपर्यंत खरवडा. नवी पन्हळ चार इंची पीव्हीसी पाइपची चालते, किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड पत्रा वाकवून करून घ्या. पाइपला गंज नाही, पण उन्हाने तो ठिसूळ होतो, म्हणून बाहेरच्या भागाला रंग द्या. उतार फुटाला पाव इंच तरी हवा. भिंतीबाहेर दीड फूट यायला हवी. खालून लाकडाचा किंवा लोखंडी पट्टीचा आधार द्या, नाहीतर वानरं लोंबकळतात आणि पन्हळ वाकते (हसू नका, हे मी दोन गावांत पाहिलंय).

पन्हळीचं तोंड धाब्याच्या मातीपेक्षा बोटभर खाली बसलं पाहिजे. गवंडी पुष्कळदा बरोबरीने बसवतात. मग पावसाळ्यात गाळ येतो आणि तोंडाशी उंबरा तयार होतो.

आता एक आपल्याकडची सोपी युक्ती, जी मला राहुरीच्या एका ताईंनी दाखवली. शेततळ्याला अंथरतात त्या प्लॅस्टिक कागदाचे तुकडे गावात कुणाकडे ना कुणाकडे पडलेले असतात. साधारण तीन फूट बाय तीन फूट तुकडा घ्या. पन्हळीच्या तोंडामागची माती वीतभर उकरा, कागद सुपासारखा अंथरा, दोन्ही बाजूंनी वर वळवा, पुढची कड पन्हळीच्या आत ओढून घ्या आणि वर माती चोपा. पाणी मुरलं तरी ते भिंतीत न जाता कागदावरून पन्हळीतच येतं. मात्र कागदाला भोक नको.

भोवतालच्या भरावासाठी सिमेंट वापरू नका, ही माझी हात जोडून विनंती. माती ओल-उन्हाने फुगते आणि आकसते, सिमेंट तसं करत नाही. एका वर्षात दोघांमध्ये केसाएवढी फट पडते आणि पाणी त्या फटीतून आत जातं. वर सिमेंटचा थर असल्याने ओल सुकतही नाही. बाहेरून छान दिसतं आणि आतून भिंत कुजते. त्याऐवजी चिकट माती, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र करून आठ-दहा दिवस कुजवा, रोज थोडं पाणी घालून तुडवा. मग थोडं थोडं भरून दाबत जा. दगड-चुन्याचा जुना वाडा असेल तिथे मात्र चुनाच हवा, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

काळी माती धाब्यावर टाकू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. धाब्याला पांढरीच लागते, ती भिजल्यावर घट्ट बसते आणि पाणी सहसा खाली उतरू देत नाही. जुने लोक गावठाणालाच 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी', ते या मातीवरूनच. पण पांढरी आणायला कुठलंही टेकाड खणू नका. आपल्या जिल्ह्यात दायमाबाद, नेवासे, जोर्वे इथे उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या सापडल्या आहेत, आणि त्या अशाच पांढरीच्या टेकाडांत होत्या. संरक्षित जागेवर खणणं गुन्हा आहे, त्यामुळे आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

आणखी एक चूक आपण प्रेमाने करतो. धाबं गळालं की वर नवी माती. पुढच्या वर्षी परत. जुनी कुणी काढत नाही. ६०० चौरस फुटांवर एक इंच माती चढवली तर दोन टनांहून जास्त वजन वाढतं. दहा वर्षांत किती झालं ते मोजा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं गेली. त्यात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं जड ओझं हे मोठं कारण होतं. तेव्हा नवी माती टाकण्याआधी तेवढीच जुनी, सैल झालेली माती खरवडून काढा. आणि गळतीचं कारण पन्हळ असेल तर मातीने ती थांबणारही नाही.

दुरुस्ती झाली की परीक्षा घ्या. दोन-तीन घागरी पाणी पन्हळीपासून पाच-सहा फुटांवर ओता. एकीने वर बघायचं, एकीने आत टॉर्च घेऊन भिंतीपाशी उभं राहायचं. पाणी न रेंगाळता पन्हळीकडे आलं पाहिजे. मध्ये डबकं राहिलं तर तुळई वाकलेली असू शकते. मग तो प्रश्न पन्हळीचा नाही, सुताराला दाखवावा लागेल.

शक्य असेल तर दुसरी पन्हळ बसवा, पहिलीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर. एरवी ती कोरडी राहील. तिच्यातून पाणी पडायला लागलं की समजायचं, खालची तुंबली. अंगणात उभं राहून कळतं, वर चढावं लागत नाही. तोंडाला जाळी लावायची तर मोठ्या भोकांची तार वळवून लावा. बारीक जाळी स्वतःच पाचोळ्याने बंद होते.

कौलं आणि पत्रे

अकोल्याकडच्या ताईंचा प्रश्न वेगळा. रतनवाडी-घाटघरकडे पाऊस महिनोन् महिने कोसळतो, तिथे धाबी नाहीत, उतरती कौलारू छपरं आहेत. तिथे दुखणं असतं ते दोन छपरं मिळतात त्या कोन्यातल्या पत्र्याच्या पन्हळीचं. तिच्यात पाचोळा साचला की पाणी पत्र्याच्या कडेवरून कौलाखाली जातं आणि वासा कुजतो. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: वरचा पत्रा नेहमी खालच्या पत्र्यावर यावा, किमान सहा इंच, आणि पन्हळीच्या मध्यभागी खिळा कधीही मारू नये. फुटकी कौलं पावसाआधी बदला.

बाकी जिल्ह्यात आता एक नवाच प्रकार झालाय. जुनं धाबं तसंच, आणि त्याला खेटून पुढे पत्र्याचं शेड. दोन्हीच्या सांध्यात पत्र्याची पन्हळ लपलेली असते, ती कुणाला आठवतच नाही. ओल्या पाचोळ्याखाली पत्रा आधी गंजतो. पाचोळा काढून स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. बारीक भोक असेल तर तारेच्या ब्रशने घासून एम-सील किंवा डांबराची पट्टी चालेल. टोचलं की आत जात असेल तर पत्राच बदला. सांध्यात पाणी साचलं तर डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच.

शेजारी आणि पन्हळ

हा भाग लिहू की नको असं वाटत होतं, पण गटांच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते यावरच. वाटण्या झाल्या, एक धाबं दोघा भावांत, पन्हळ मात्र एकाच्या हद्दीत. किंवा शेजारी स्लॅब टाकतो, भिंत वर घेतो आणि तुमच्या पन्हळीचं तोंड त्यात गडप होतं. भिंत उभी राहिल्यावर भांडून फार हाती लागत नाही. पाया खणायला सुरुवात झाली की लगेच, गोडीने, जाऊन बोला. पन्हळीचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवा. साधा तोडगा असा की पन्हळीच्या तोंडाला उभा पाइप जोडून पाणी आपल्याच अंगणात उतरवायचं, आणि खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. एका गावात दोन जावा चार वर्षं बोलत नव्हत्या. दोघी एकाच गटात, बचत भरायला येणार, पण तोंडं विरुद्ध दिशेला. पाइप बसला त्याला आता दोन पावसाळे झाले. बोलणं अजून फारसं नाही, पण भिंत कोरडी आहे. ऐकत नसतील तर ग्रामपंचायत आणि तंटामुक्ती समितीकडे अर्ज लेखी द्या.

पाऊस चालू असताना

पन्हळ तुंबल्याचं भर पावसात लक्षात आलं तर वर चढू नका. आधीच टनावारी वजन आहे, त्यात तुमचं नको. बाहेरून लांब काठीने किंवा सळईने पन्हळ मोकळी करा, बाजूला उभं राहून, खाली नाही. त्याआधी भिंत बघा. भिंतीला पोट सुटलंय, मातीचे ढेप सुटून पडतायत, नवी तडा रुंद होतेय, दार अचानक अडकायला लागलंय, यातलं एक जरी दिसलं तरी पन्हळ राहू द्या. म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना आणि जनावरांना घेऊन बाहेर पडा. शाळा, समाजमंदिर, कुणाचंही पक्कं घर. "आज रात्री काही होत नाही" असं घरातला कर्ता माणूस म्हणाला तरी.

पैसे आणि कागद

पन्हळीचं काम लहान असतं, तरी ते मागे पडतं, कारण घरात त्याआधी खत, शाळेची फी, दवाखाना उभा असतो. गटाच्या अंतर्गत कर्जातून यासाठी पैसे घेता येतात, हे पुष्कळ जणींना सुचतच नाही. घर पडलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या सदस्येसाठी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीचा विषय बैठकीत मांडा. एप्रिलच्या बैठकीत सीआरपी ताईंनी गटात धाब्याची घरं किती, त्यातल्या किती पन्हळी सैल, एवढी यादी करावी. चार-पाच घरांचा पाइप एकदम आणला आणि एकच गवंडी लावला तर स्वस्त पडतं.

नुकसान झालंच तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर ४,००० रुपये अशी मदत होती. नवे दर तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे विचारा. मदत पंचनाम्यावर मिळते, म्हणून ढिगारा उचलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. धोका नसेल तरच जवळ जा.

आणि ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा आत्ताच काढून बघा. मावशींच्या घराचा उतारा निघाला तेव्हा घर त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं. नवरा, दोन दीर, सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता दिवाळी झाली. नव्या भिंतीत त्यांनी आता दोन पन्हळी बसवल्यात, खालची आणि वरची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नात खालून काठीने दोन्ही तपासते.